अग्नीनें राखलेलें कुरण

श्रोतेहो, ‘ज्वालामुखी’ हा शब्द मीं शाळेंत छत्तीस वर्षें फळ्यावर लिहिला. परंतु ज्वालामुखीच्या पोटांत वसलेलीं गांवें पाहण्याचा योग मात्र सेवानिवृत्तीनंतर आला. आमचा मुलगा नोकरीनिमित्त जपानांत, फुकुओका शहरीं असतो. एका मार्च महिन्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों असतां त्यानें आम्हांस क्यूशू बेटाच्या मध्यभागीं असलेलें आसो-कुजू राष्ट्रीय उद्यान दाखविलें. हें उद्यान 1934 सालीं ‘आसो’ या नांवानें स्थापन झालें. ‘कुजू’ हा शब्द त्यास 1986 सालीं जोडण्यांत आला.

सुमारें 90,000 वर्षांपूर्वीं येथें प्रचंड स्फोट झाला व खालचा शिलारस बाहेर पडल्यामुळें वरची जमीन खचली. त्यांतून एक अफाट कढई तयार झाली. ती दक्षिणोत्तर 25 व पूर्वपश्चिम 18 किलोमीटर आहे. तिच्या तळाशीं शेतें आहेत, आगगाडी आहे आणि हजारों माणसें सुखानें संसार करीत आहेत! कढईच्या मध्यावर उभ्या असलेल्या शिखरांपैकीं नाकादाके हें अद्याप धुमसत असतें; 2016 व 2021 या दोन्ही सालीं ऑक्टोबरांत त्याचा उद्रेक झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही शिलारसाचाच. पण तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं निवाला. येथील विस्तव अजून जागा आहे.

तें धगधगतें तोंड पाहावें, हीच माझी मुख्य इच्छा. त्या दिवशीं मार्ग खुला होता. परंतु वाटेवर सूचना होती कीं, दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनीं पुढें जाऊं नये. विवरांतून गंधकाचा विषारी वायु निघतो. 1997 सालीं त्यानें दोन प्रवाशांचा बळी घेतला होता. माझ्या पत्नीस दमा आहे. ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी इथें बसतें.” खरें सांगतों, क्षणभर माझें मन विरस झालें. पण परक्या मुलुखांत तिला एकटी टाकून जाणें मला प्रशस्त वाटेना. मग आम्ही तिघेही खालच्या कुसासेन्री नांवाच्या कुरणावर येऊन बसलों. हें कुरण म्हणजे एक विझलेलें विवरच. मधोमध तळें, कांठावर चरणारे घोडे, आणि दूरवर नाकादाकेचा पांढरा धूर.

भोवतालचे कित्येक डोंगर मात्र कोळशासारखे काळे पडले होते. माझी पत्नी कोंकणांतील शेतकऱ्याची मुलगी. ती पटकन् उद्गारली, “कुणीं मेल्यानें वणवा लावला हा!” शेजारीं एक वृद्ध शेतकरी बसले होते. मुलानें तें त्यांस समजावून सांगतांच ते हंसले व म्हणाले, “आम्हींच लावला.”

मग त्यांनीं जें सांगितलें, तें माझ्या भूगोलाच्या पुस्तकांत नव्हतें. येथील सुमारें 22,000 हेक्टर कुरणें आपोआप टिकलेलीं नाहींत. हजार वर्षांहून अधिक काळ गांवकरी दर वर्षीं वसंताच्या आरंभीं तीं जाळीत आले आहेत. आग वरच्यावर झपाट्यानें निघून जाते. त्यामुळें मातींतील गवताचीं मुळें वांचतात, पण झुडपांचीं रोपें जळून जातात. काळी जमीन उन्हानें लवकर तापते आणि हिरवा कोंब वर येतो. त्यावर तांबड्या गाई चरतात. आग न लावल्यास थोड्याच वर्षांत रान माजून गवत नाहींसें होईल. तें ऐकून पत्नी म्हणाली, “अहो, हें तर आपल्या राबासारखेंच झालें!” भाताच्या रोपांसाठीं कोंकणांत जमीन भाजतात, तें तिला आठवलें.

पण आग लावणें सोपें नाहीं. ती भलतीकडे पसरूं नये म्हणून आधींच्या शरदांत शेंकडों किलोमीटर लांबीचे गवताचे पट्टे कापून ठेवावे लागतात. तरुण शहरांत गेले, म्हातारे थकले. शंभर वर्षांपूर्वीं होतीं त्याच्या निम्मींही कुरणें आज उरलेलीं नाहींत. शहरांतील स्वयंसेवक आतां शिक्षण घेऊन मदतीस येतात. त्यांचाही यांत स्वार्थ आहे. कारण आसोच्या भूमींत मुरलेलें पावसाचें पाणी कुमामोतो शहराच्या भूजलास मिळतें, आणि तें सारें शहर भूजलच पितें.

संध्याकाळीं आम्ही उचिनोमाकी गांवीं उष्णोदकाच्या स्नानास गेलों. पावसाचें पाणी खोल मुरून तप्त खडकांनीं तापतें व तेंच येथें वर येतें. अंग आधीं स्वच्छ धुवावें, साबण कुंडांत नेऊं नये, हा तेथील दंडक. 2016 च्या एप्रिलांतील भूकंपानंतर येथील कांहीं विहिरींचें गरम पाणी बंद पडलें व त्या पुन्हा खोदाव्या लागल्या, असें समजलें.

श्रोतेहो, राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणसाचा हात न लागलेली सृष्टि, असें मीं मुलांस शिकवीत असें. तें अर्धेंच खरें होतें. नाकादाकेच्या पोटांतील अग्नि कोणाचें ऐकत नाहीं. त्याच्यापुढें सूचनाफलक मानून मागें फिरावें, यांतच शहाणपण. पण कुरणावरचा अग्नि माणसानें लावला नाहीं, तर तें कुरणच राहणार नाहीं. आपणांपैकीं कोणी तिकडे गेलात, तर विवर अवश्य पाहा. परंतु परततांना त्या काळ्या डोंगरांकडे पाहून वणवा लावणाऱ्यास शिव्या देऊं नका. पत्नीच्या दम्यामुळें माझें विवर राहिलें, याची हळहळ आतां मला वाटत नाहीं.