शिक्षकाचा धीर

सर्व मुलांनी एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकावे हे तत्त्व आपल्या देशाला नवे नाही. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात अपंग बालकांचे शिक्षण हा सामान्य शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग मानला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे तर आपल्या शेजारचे, आंबोली घाटापलीकडच्या आजरे तालुक्यातले. पुढे १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या सरकारांनी हेच तत्त्व स्वीकारले. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने दिव्यांगतेचे पूर्वीचे ७ प्रकार वाढवून २१ केले, आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचाही समावेश झाला. तत्त्वाची बाजू अशी भक्कम आहे. मला आज बोलावयाचे आहे ते हे तत्त्व ज्याने अमलात आणावयाचे त्या शिक्षकाविषयी, आणि विशेषतः त्याच्या मनातील भीतीविषयी.

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "सगळे मान्य आहे हो, पण माझ्या वर्गात कसे जमायचे?" ऐकणाऱ्याला यात अनास्था दिसते. मला तसे वाटत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसविता येते, चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांशेजारी उतार बांधता येतो. शिक्षक धास्तावतो तो निराळ्याच मुलामुळे : जो धडा चालू असता उठून पळतो, घंटा झाली की किंचाळतो, शेजाऱ्याला चावतो. चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असतात, फाटकाशी इतर मुलांचे पालक तक्रार घेऊन उभे असतात, आणि आता नेमके काय करावे हे कोणी शिकविलेलेच नसते. मग त्या मुलाच्या आईला बोलावणे जाते. आधी त्याला अर्धा दिवस पाठविण्याची सूचना होते, पुढे परीक्षेपुरते आणा म्हणतात, आणि वर्ष सरता सरता पटावर नाव राहते व मूल घरी बसते. त्याला शाळेतून काढले असे कोणीच म्हणत नाही.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. छडी गेली हे उत्तमच झाले. परंतु छडीच्या जागी काय धरावयाचे, हे फार थोड्या शिक्षकांच्या हाती पडले.

आमच्या मांद्रे परिसरात आणखी एक गुंता आहे. मुलाच्या घरची बोली कोंकणी, हातातले पुस्तक मराठी. त्यात किनाऱ्यावर हॉटेले वाढली तशी दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कामकऱ्यांची मुलेही येऊ लागली. ज्याला भाषाच कळत नाही ते मूलही स्वस्थ बसत नाही. आणि आपण दोघांनाही 'वांड' या एकाच शब्दाने मोकळे होतो. (हा शब्द शिक्षकाच्या कोशातून दहा वर्षे काढून टाकावा, असे मला पुष्कळदा वाटते.)

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली माणसाचा आपल्या कर्तृत्वावरील विश्वास कशातून उपजतो याची मांडणी केली. स्वतः केलेले काम साधणे, हे त्यांच्या मते त्याचे सर्वांत बळकट मूळ. आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते साधताना पाहणे हे त्यानंतरचे. तोंडी उपदेश त्यामानाने दुबळा. आणि आमची प्रशिक्षणे पाहावी, तर सभागृह, पडद्यावरची चित्रे, दुपारचे भोजन, सायंकाळी प्रमाणपत्र! म्हणजे दुबळ्या मुळालाच पाणी. पुढे २०१२ साली शर्मा, लोरमन व फॉर्लिन या अभ्यासकांनी समावेशक वर्गातील शिक्षकाचा विश्वास मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तीत शिकविणे आणि सहकार्य यांच्याबरोबर वर्तन हाताळणे हा स्वतंत्र तिसरा भाग आहे. आमच्या खोलीतील ते वाक्य या तिसऱ्या भागातून येते.

बांडुरांच्या पुष्कळ आधी आपल्याकडे हे प्रत्यक्ष घडले होते. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली अनुताई वाघ ताराबाई मोडक यांच्या कामात सामील झाल्या, आणि त्यांच्याबरोबर राहून, पाहून, करून शिकल्या. आदिवासी मुले शाळेत का टिकत नाहीत, याचे उत्तर 'त्यांना गोडी नाही' हे नव्हते. ती गुरे राखीत होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली. वर्तनामागचे कारण शोधणे ते हेच.

ओळखीच्या एका शिक्षिकेने हेच आपल्या वर्गात केले. एक मुलगा रोज दुपारी कानांवर हात ठेवून ओरडत सुटे. तिने आठवडाभर वहीत टिपले : केव्हा, त्याआधी काय झाले, नंतर काय मिळाले. घंटा त्याच्या खिडकीलगतच होती. त्याची जागा बदलली, घंटेपूर्वी त्याला खूण करून सांगण्याची सवय ठेवली. पंधरवड्यात ओरडणे पुष्कळ कमी झाले. पुढच्या वर्षी तसाच दुसरा मुलगा आला तेव्हा तो आपल्याच वर्गात द्यावा, असे ती स्वतः म्हणाली. आधी वृत्ती बदला, मग काम करा, असे आपण शिक्षकाला सांगतो. येथे क्रम उलटा होता.

केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे व पुढील स्तरांवर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे ठरविले. तो येईल तेव्हा त्याने मुलाला व्हरांड्यात वेगळे काढून शिकवू नये. वर्गातच, वर्गशिक्षकाच्या शेजारी बसावे. आणि ज्याला हे साधले आहे अशा शिक्षकाच्या वर्गात बसण्यासाठी मुख्याध्यापकांनी इतरांना वर्षातून दोन दिवस मोकळे करावे. त्याला वेगळा निधी लागत नाही. मात्र आमच्याकडच्या एकशिक्षकी शाळांत तेवढेही शक्य नाही. तेथे त्या दोन दिवसांपुरता बदली शिक्षक शिक्षण खात्यानेच दिला पाहिजे.