मागच्या गाड्यांचं रेशन

फौजेत असताना माझा एक हट्ट असे: दूरच्या चौकीचं रेशन आधी निघेल, मुख्यालयाचं नंतर. फॉर्म्युला वनमध्ये मला उलटं दिसतं. निकाल काहीही लागो, जुनी टीम म्हणून फेरारीला वेगळा बोनस ठरलेला. (मी स्वतः फेरारीचाच चाहता, हेही सांगून टाकतो.) २०१४ साली मोनॅकोत ज्यूल बियांकी नववा आला, मारुसियाला पहिलेवहिले २ गुण मिळाले. त्याच वर्षी टीमचे पैसे संपले. ऑस्टिनच्या शर्यतीला मारुसिया नाही, कॅटरहॅम नाही. धावल्या १८ गाड्या. अहो, हरवायला कुणी उरलं नाही तर फेरारी जिंकणार कुणाशी? २०१५ मध्ये फोर्स इंडिया आणि सॉबरने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, वाटपातली दरी थोडी कमी झाली. फेरारीचा बोनस मात्र चालूच आहे.