सरांच्या फियाटची स्प्रिंग

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत मला उभं राहायला सांगितलं म्हणजे ती शिक्षाच असायची. त्यामुळे आज माईकसमोर उभं राहताना पाय जरा लटपटताहेत. तुमच्यातले कोणी डॉक्टर झाले, कोणी मास्तर झाले, कोणी पुण्यात कॉम्प्युटरवर बसतात. माझं गॅरेज इथेच देवरीत, हायवेला लागून. नागपूर-रायपूर करताना तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गाड्या मी कधी ना कधी धक्का मारून चालू केल्या आहेत, तेव्हा मला ओळख करून द्यायची गरज नाही.

आयोजकांनी सांगितलं, "तू सरांच्या गाडीबद्दल बोल." सकाळपासून ती फाटकाजवळ उभी आहे आणि सगळे तिच्यासोबत फोटो काढताहेत. ती इथवर चालत कशी आली, एवढंच मी सांगणार आहे.

गाडी १९८५ ची, प्रीमियर पद्मिनी. आपण तिला फियाटच म्हणायचो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाटचं अकराशेचं मॉडेल बनू लागलं. १९७४ मध्ये त्याचं नाव पद्मिनी झालं आणि २००१ मध्ये ते बंद पडलं. सरांनी ही गाडी नागपुरातून जुनी घेतली. तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता, आणि देवरीत कार कोणाकडे आहे हे बोटावर मोजता यायचं. तिच्यातून कोण कोण दवाखान्यात गेलं, कोणाची वरात निघाली, हे या सभागृहात बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझं सांगतो. १९९१ च्या मार्चमध्ये माझं गणित राहिलं. ऑक्टोबरला कसाबसा सुटलो. घरी ठरलं होतं की आता तेंदूपत्त्याच्या फडीवर जायचं. सरांनी एक शब्द न बोलता मला याच गाडीत बसवलं, आमगावमार्गे गोंदियाला नेलं आणि आयटीआयचा फॉर्म भरून घेतला. येताना म्हणाले, "गणित तुला पानाच शिकवेल." तेवढंच.

सर २०२१ मध्ये गेले. गाडी तीन वर्षं टिनाखाली उभी राहिली. २०२४ च्या संक्रांतीनंतर बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, भंगारवाला येऊन गेला. मला पैसे नकोत. एकदा तिच्यात बसून नवेगावबांधला जायचं आहे. होत असेल तर हो म्हण, नाही तर नाही म्हण. आशा लावून ठेवू नकोस." मी "हो" म्हणून बसलो. नंतर गाडीखाली शिरलो.

इंजिनची मला चिंता नव्हती. खरं दुखणं खाली होतं. या गाडीला मागे पाटे आहेत, पुढे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गोल स्प्रिंगा, आणि चाक किंगपिनवर फिरतं. मागचा एक मेन पाटा तडकला होता. पुढची उजवी स्प्रिंग खालच्या वेटोळ्याशी तुटली होती. रबरी बुशांचा भुगा झाला होता. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट वाजलं. अशा वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला तर दोष बेअरिंगचा. तरी हलत असेल तर किंगपिन गेली. आमचं चाक ब्रेक दाबूनही हलत होतं.

वेळही मोजका होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. २०२० ची मुदतवाढ सरांनी स्वतः करून घेतली होती. पुढची २०२५ मध्ये होती. त्या वेळी गाडी चालली नाही तर कायद्यानं ती रस्त्यावरून जाणार.

पाट्यांचं काम सोपं निघालं. आपल्या हायवेवर ट्रक आहेत तोवर पाटेवाला आहे. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या आणि सेंटर बोल्टचं भोक नेमकं कुठे आहे, एवढं मोजून दिलं की तो बनवून देतो. राजनांदगावच्या कारागिरानं दोन दिवसांत दिला.

किंगपिनमध्ये मी चूक केली. कुठे मिळेना म्हणून लेथवर साध्या लोखंडाची करून घेतली. नवी कोरी, चकचकीत. पण किंगपिन वरून कडक आणि आतून चिवट लागते. त्यासाठी तिला भट्टीत घालून पृष्ठभाग कडक करावा लागतो. ते मी केलं नाही. बाईंना म्हणालो, झालं. गाडी गावातल्या गावात फिरवली, आणि तीन महिन्यांत तीच खटखट परत. बाई काही बोलल्या नाहीत. आयटीआयमध्ये पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट मी विसरलो होतो. शेवटी नागपुरात राहणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीनं चार रविवार जुन्या दुकानांत घालवले आणि एका दुकानाच्या माळ्यावर, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला जुना किट शोधला. पिन, बुश, वॉशर सगळं. बुश दाबून बसवले, रीमर मारून पिनच्या मापाचे केले. पिन अंगठ्यानं आत सरकली तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्याच किटमध्ये रबरी बुशही होते. ते वापरले नाहीत. लोखंड ग्रीसमध्ये तीस वर्षं टिकतं, रबर मात्र डब्यात पडल्या पडल्याही म्हातारं होतं. नखानं दाबलं तर दगडासारखं लागत होतं. नमुना म्हणून ते दिले आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतून नवीन ओतून घेतले.

राहिली स्प्रिंग. तिनं मला सर्वांत जास्त फिरवलं, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

२००९ मध्ये माझ्या गॅरेजमागे दोन फियाट पडून होत्या. पावसाळ्यात गवत वाढायचं, साप निघायचे. मला मोटरसायकलींसाठी जागा हवी होती. दोन्ही गाड्या मी किलोच्या भावानं विकल्या. दोन गाड्या, म्हणजे पुढच्या चार स्प्रिंगा. चारही चांगल्या होत्या. भंगारवाल्याच्या काट्यावर त्या मी स्वतःच्या हातानं ठेवल्या. ज्या वस्तूसाठी मी पुढे दहा महिने फोन करत राहिलो ती माझ्याच दारातून, माझ्याच हातानं गेली होती.

फियाटचं सामान इतकी वर्षं मिळत होतं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सी रोज खड्ड्यांतून धावायची, रोज काहीतरी झिजायचं, म्हणून बनवणारे बनवत होते आणि विकणारे ठेवत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून त्या टॅक्सी संपल्या. मी शोधायला लागलो तो जानेवारी २०२४ मध्ये. गिऱ्हाईक गेलं तसं दुकानदारांनी माल काढून टाकला होता. "पाच-सहा महिने आधी यायला हवं होतंत," असं मला तिघांनी ऐकवलं.

आपला एक वर्गमित्र मुंबईत असतो. त्यानं बजावलंय की नाव घेऊ नकोस. त्याला मी फोटो पाठवला आणि तो कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या गल्ल्यांत फिरला. एकानं छातीठोकपणे "फियाटचीच आहे" म्हणून स्प्रिंग दिली. उंची बरोबर, वेटोळी बरोबर. बसवली, तर गाडी उजवीकडून उंच आणि बैलगाडीसारखी कडक. व्हर्नियर लावला तेव्हा कळलं, तार जाड होती.

इथे मला सरांचा प्रयोग आठवला. नववीत त्यांनी प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजनं टांगून दाखवली होती. वजन दुप्पट तर ताण दुप्पट, हुकचा नियम. तेव्हा मागच्या बाकावरून आपण दुसरीच वजनं मोजत होतो. त्याच्यापुढचा हिशेब मी आता शिकलो. बाकी सगळं सारखं ठेवून तार जाड केली तर स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. समजा १२ मिलिमीटरच्या जागी १३ ची तार आली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एका मिलिमीटरनं! सर खरं बोलले होते, गणित पान्यानंच शिकवलं.

मग मी डावी स्प्रिंगही उतरवली. स्प्रिंग दबलेली असताना निसटली तर माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून शिकंजा लावल्याशिवाय हात लावू नका, हे इथल्या तरुण पोरांना मुद्दाम सांगतो. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळ्यांची संख्या, मोकळी उंची, टोक कसं कापलं आहे ते, सगळं कागदावर लिहिलं आणि तो कागद मुंबईला पाठवला. फोटो नाही, मापं. आणि सांगितलं, एक नको, एकाच गाडीच्या दोन्ही हव्यात. एक नवी, एक थकलेली असली की गाडी एका बाजूला कलते.

कागद घेऊन तो पुन्हा फिरला. दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन आला, "जोडी मिळाली बे." विदर्भ एक्स्प्रेसनं घरी येताना बर्थखाली फराळाच्या डब्यांशेजारी दोन स्प्रिंगा गोणपाटात बांधून त्यानं आणल्या. गोंदिया स्टेशनवर मी घ्यायला गेलो होतो. तीस वर्षांनी भेटलो आणि पहिलं वाक्य काय बोललो? "तार मोजलीस ना?"

२०२५ मध्ये गाडी तपासणीत पास झाली. त्यानंतरच्या रविवारी बाईंना घेऊन नवेगावबांधला गेलो. बाई पुढे बसल्या. रस्ताभर एकदाही बोलल्या नाहीत. तलावावर उतरल्या, पाण्याकडे पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल रे, परत फिर. सरही इथे फार वेळ थांबू देत नसत." उजव्या बाजूनं अजून थोडं कुरकुरतं. मी म्हटलं, बाई, बघून घेतो. म्हणाल्या, "राहू दे, आधीही वाजायचं."

आता दोन विनंत्या करतो आणि खाली बसतो.

पहिली, तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या घरी जुनी फियाट, अॅम्बेसेडर, जीप उभी असेल तर भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. मी विकत घेईन असं म्हणत नाही. मला मापं घेऊ द्या आणि स्प्रिंगा, पिना काढून ठेवू द्या. कोणाला तरी त्या लागणार आहेत.

दुसरी, ही वही. या दोन वर्षांत जे जे मोजलं ते सगळं यात चित्रांसह लिहिलं आहे, माझी चूक झाली तीही. एक झेरॉक्स आज शाळेच्या ग्रंथालयात देतो आहे. अक्षर वाईट आहे. पण बाई, या वेळी मापं दोनदा तपासली आहेत.