सदऱ्याच्या चिठ्ठीत नसलेला मजकूर



कपडा कशाचा होतो हे कापूस पिकवणाऱ्या गावच्या मुलांना सांगावं लागत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हेही त्यांना ठाऊक असतं. पण गाठी गावची शीव ओलांडून गेल्या, की पुढचं दिसत नाही. ते वर्गात कसं दाखवावं, एवढंच आज बोलणार आहे.

तयार सदऱ्याच्या मानेशी एक चिठ्ठी शिवलेली असते. ती मुलांकडून वाचून घ्या. कपडा कोणत्या देशात शिवला, ते पुष्कळदा तीवर असतं. कुणी शिवला, ते नसतं. बांगलादेशाचं नाव आलं, तर पुढील हकीकत सांगा. आपल्या देशातला कापूस आणि सूत तिकडे जातं, तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्याची नव्हे.

ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत होती. खाली दुकानं व बँक, वर पाच शिवणकारखाने. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला तडे गेलेले दिसले. बँकेनं आपले नोकर बाहेर काढले. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, पगार कापू अशी धमकीही दिली. त्याच सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसं दगावली.

आता मुलांना विचारा : तडा एकच, मग बँकेतला माणूस बाहेर आणि शिवणारी बाई आत, असं का? उत्तर सांगू नका. गणित घाला. त्या वेळी तिथं किमान पगार महिना ३,००० टका होता. सव्वीस दिवसांनी भागा. रोजचे सुमारे ११५ टका येतात. सबंध महिन्याचा पगार बुडाला, तर त्या घरात काय होईल?

एखादा मुलगा म्हणेल, "गुरुजी, असा कपडा घेऊच नये." त्याला म्हणावं, तसं केलं तर आधी तिचीच चूल विझेल. मे २०१३ मध्ये परदेशी कपडा-कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. इमारतींची तपासणी सुरू झाली; धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क करारात लिहिला गेला. खरी गरज त्या हक्काची होती.

मग मुलांना आपल्या शिवाराकडे वळवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तोंडाला फडकं बांधून फवारायला जाणारा मजूर "आज नाही" असं म्हणू शकतो का? हा प्रश्न मुलांनी घरी नेला, म्हणजे धडा पुरा झाला.