लक्ष्मीबाई टिळकांचे घर



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांना तुम्ही सारे ‘बाई’ म्हणत आलात. माझ्या दृष्टीने मात्र त्या दुसऱ्या बाकावर बसणारी एक अबोल विद्यार्थिनी होत्या. शाळेचे निमंत्रण आले तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. तो त्यांनी मला १९८१ साली, येथे बेळगावातच, भर वर्गात दिला होता. मी तो तेव्हा घेतला नाही, एवढेच.

त्या वर्षी मी बी. ए. च्या वर्गाला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. मी ते पुस्तक चांगले शिकवतो असा माझा लौकिक होता, आणि खरे सांगायचे तर तो मला आवडतही असे. टिळकांचा विक्षिप्तपणा, लक्ष्मीबाईंची फजिती, नवराबायकोची भांडणे, सारे मी रंगवून सांगे. वर्ग हसून लोटपोट होई. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले, येथवर आलो की आवाज खाली आणून मी पुस्तक मिटत असे. त्या दिवशी ही मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती कशा झाल्या, ते आपण वाचणार नाही का?” मी उत्तर दिले, “परीक्षेच्या दृष्टीने त्याची आवश्यकता नाही.” ती खाली बसली. मी जे वाचणार नव्हतो ते तिच्या घराचे जगणे होते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी वेगळे उत्तर दिले असते असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आज तो राहिलेला भाग वाचू.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखल्यांची मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याने त्या घराला पछाडले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज आत जात नसे आणि घरातली माणसे त्या धाकाखाली वावरत. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. माणूस कवी, संतापी, दयाळू. आणि पैसा त्याच्या हाताला चिकटत नसे. अक्षरओळख त्यांनीच करून दिली. पुढे टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. पंढरपुरातही काही काळ काढला. अशी चारपाच वर्षे गेली. मग त्या अहमदनगरला नवऱ्याजवळ आल्या त्या एका अटीवर: एकत्र राहू, पण धर्म माझा मला. टिळकांनी ही अट पाळली, हे त्यांच्या मोठेपणात धरले पाहिजे.

पुढचा भाग मी वर्षानुवर्षे गाळला, आणि माझ्या आजच्या मते पुस्तकाचा प्राण तेथेच आहे. या बाईंचे मतांतर कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने झालेले नाही. ते स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीपाशी झाले. वेगळी चूल, वेगळे पाणी, शिवाशिव टाळण्याची धडपड यांत त्या स्वतः दमत होत्या, आणि भोवती वावरणारी ख्रिस्ती माणसे आपल्यासारखीच माणसे आहेत, हे रोज डोळ्यांना दिसत होते. विचार करता करता त्यांना वाटले की जाती देवाने केलेल्या नसून माणसांनी केलेल्या आहेत. आधी हा विचार मनात आला, नंतर हाताने पाणी घेतले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० साली राहुरीला. धर्मांतराचे इतके प्रामाणिक आणि इतके घरगुती वर्णन मराठीत माझ्या वाचनात दुसरे नाही.

ते साल दुष्काळाचे होते. राहुरीच्या त्या घरात उघड्यावर पडलेली मुले येऊ लागली. जिच्या माहेरी परक्याची सावली चालत नव्हती, तिने कोणाची म्हणून ठाऊक नसलेली पोरे न्हाऊमाखू घातली. पुढे नगरच्या घरात विद्यार्थी, कवी, निराधार, पाहुणे असे किती आले नि गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनानंतर टिळकांच्या मायेत आलेले तरुण ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात राहिले. ते हिंदूच राहिले. त्याने त्यांच्या पानात काही कमी वाढले गेले नाही. १९१८ साली भादली स्थानकाजवळ ते आगगाडीखाली सापडले, तेव्हा या घरातला मुलगाच गेला.

येथे माझे एक मत नोंदवतो. माझ्या सहकाऱ्यांना ते पटत नसे. या घराच्या औदार्याचे श्रेय आपण टिळकांना देतो. लक्ष्मीबाईंनी स्वतःही ते त्यांनाच दिले आहे, वर स्वतःच्या कुरकुरीची थट्टा केली आहे. परंतु खिसा रिकामा करून घरी येणारा पुरुष आणि त्या दिवशी डब्यातले पीठ दहा माणसांना पुरवणारी बाई, यांत दान कोणाचे? कुरकुर करून जी वाढते, तिला दिल्याची किंमत कळलेली असते.

देवळात जाणे हाही या संसाराचाच एक भाग होता. मराठी ख्रिस्ती समाज प्रार्थनामंदिराला ‘देऊळ’ म्हणतो, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. मलाही फार उशिरा कळले. ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि ती आजही गायिली जातात. टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते, जेमतेम दहाएक अध्याय झाले होते. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या बाईंनी त्यापुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. मधल्या काळात मुंबईतील नोकरी झाली, मुलगा देवदत्त यांच्याबरोबर कराचीचे वास्तव्य झाले. नातवंडांच्या गराड्यात बसून लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात, १९३८ साली निघाले.

आता पुन्हा १९८१ कडे येतो. त्या प्रसंगानंतर महिन्याभराने ती मुलगी मला म्हणाली, “सर, आमच्या आजीनं तुम्हाला रविवारी बोलावलंय.” मी गेलो. देवळातून नुकतीच परतलेली मंडळी अंगणात होती. आजी ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या. मूळच्या कोल्हापूरकडच्या, तरुणपणी मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिका होत्या. ओसरीवर पंधरावीस पाने मांडली होती. त्यांत घरचे किती, असे मी विचारले, तेव्हा माझी विद्यार्थिनी जरा घोटाळली. खेड्यातून शिकायला आलेली चार मुले, दवाखान्यात कोणाला तरी घेऊन आलेले एक लिंगायत जोडपे, शेजारची एक म्हातारी. घरचे कोण हा प्रश्न त्या घरात बहुधा कोणी विचारलेला नव्हता.

मी घड्याळ पाहिले. आजी म्हणाल्या, “मास्तर, जेवूनच जावा.”

जेवताना त्यांनी मला वर्गाविषयी एक शब्द विचारला नाही. हात धुतल्यावर मात्र कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ची त्यांची प्रत आणली. पुठ्ठा सुटलेला, दोऱ्याने बांधलेला. पानांवर हळदीची बोटे. म्हणाल्या, “मला आता दिसत नाही. राहुरीचं वाचून दाखवता?” मी वाचू लागलो. पंचवीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना चाळून सोडून दिलेली ती पाने होती, असे मी म्हणालो असतो तर ते खोटे ठरले असते. मी ती चाळलीही नव्हती. पीएच. डी. झालेला मराठीचा प्राध्यापक त्या ओसरीवर ती प्रथमच वाचत होता. आजींना ती तोंडपाठ होती. मी जेथे अडखळलो तेथे त्या पुढचा शब्द सांगत होत्या, आणि मी वर्गात कधी हसवले नव्हते अशा जागी हसत होत्या.

पुढच्या जून महिन्यात मी ‘स्मृतिचित्रे’ शिकवायला घेतली ती राहुरीपासून. विद्यार्थ्यांनी परीक्षेचे विचारले. तुमच्या बाई त्या वर्षी शेवटच्या वर्गात होत्या, तरी पहिले चार दिवस त्या मागच्या बाकावर येऊन बसत. आजी १९८६ साली गेल्या. ती दोऱ्याने बांधलेली प्रत बाईंनी शाळेच्या ग्रंथालयाला दिली आहे, असे मला आज येथे आल्यावर कळले. सभा संपल्यावर ती पाहायला मिळावी, एवढी मुख्याध्यापकांना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.