खुर्ची गाडीबाहेर आली पाहिजे



सकाळपासून या अधिवेशनात आपण कृषी पर्यटन केंद्रांचे व कॅरव्हॅन पार्कचे चालक अनुदान, वीजजोडणी, बँकेचं कर्ज आणि पोहण्याचा तलाव यांवर भरपूर बोललो. पाहुणा संध्याकाळी करणार काय, हे मात्र कोणी काढलं नाही. मी तेवढंच बोलणार आहे, आणि त्यासाठी आपल्याला अमेरिकेत नेणार आहे. कारण कॅरव्हॅन पार्कच्या धंद्यात आपण नवे आहोत. आपल्या राज्याचं कॅरव्हॅन धोरण २०२१चं. केरळने त्याच वर्षी ‘केरवान केरळ’ जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी वागमोणला पहिला पार्क उघडला. अमेरिकेत हा धंदा शंभर वर्षं मुरलेला आहे. त्यांच्या यशाकडून शिकावं, आणि फसगतीकडूनही.

१९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात, डी सोटो पार्कमध्ये, मोटारीच्या आडोशाला तंबू ठोकून हिवाळा काढणाऱ्या मंडळींनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली. खाणं डबाबंद, आणि ओळखीची खूण म्हणून रेडिएटरच्या टोपणावर झाळलेला टिनचा डबा. हे लोक एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतात आणि दोन्ही न बदलता परत जातात, अशी त्यांची तिकडे थट्टा व्हायची. पण ते दरवर्षी येत राहिले. त्यांच्यासाठी ना तलाव होता, ना करमणुकीचा कार्यक्रम. मेळावा त्यांचा त्यांनीच भरवलेला होता.

१९६२मध्ये सिअ‍ॅटलला जागतिक प्रदर्शन भरलं. तिकडे निघालेल्या मोटारी मोंटानातल्या बिलिंग्जवरून जाताना पाहून डेव्ह ड्रम या गृहस्थांनी यलोस्टोन नदीकाठच्या जागेत मुक्कामाची सोय केली. एका रात्रीचे पावणेदोन डॉलर. त्यात बसायला टेबल, चुलीची जागा, गरम पाण्याची अंघोळ, स्वच्छतागृह आणि एक लहानसं दुकान. केओए ही आज पाचशेहून अधिक तळांची साखळी इथून सुरू झाली. त्या यादीत गरम पाणी आहे, हे विसरू नका. नळाला पाणी नसेल आणि सांडपाण्याच्या टाकीला वास येत असेल, तर तुम्ही शाहिरांना बोलावलंत तरी पाहुणा सकाळी गाशा गुंडाळणारच.

पण सगळे पाहुणे एकसारखे नसतात, आणि इथेच बहुतेक चालक चुकतात. एका रात्रीचा पाहुणा अंधार पडता पडता येतो. त्याला गाडी मागे न घेता सरळ घालून सरळ बाहेर काढता येईल अशी सपाट जागा हवी असते. त्याच्या दारावर टकटक करून ‘हाउजीला चला’ म्हणणं हा छळ आहे. त्याला सरपणाची मोळी द्या, सकाळचा नाश्ता द्या आणि निरोप द्या.

मुलं घेऊन आलेलं कुटुंब वेगळं. विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे इथे १९६९मध्ये योगी बेअर या व्यंगचित्रातल्या अस्वलाच्या नावाने पहिला जेलीस्टोन पार्क निघाला. वेशातलं अस्वल, ट्रॅक्टरमागच्या गाडीतून फेरी, उड्या मारायच्या फुगीर गाद्या, हे सगळं तिथे आहेच. मला त्याहून जास्त शिकण्यासारखा वाटतो तो हॅलोविनचा खेळ. शरद ऋतूत गर्दी ओसरू लागली की अनेक पार्क सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी हॅलोविन साजरा करतात. प्रत्येक कुटुंबाने आपली जागा सजवायची आणि मुलांनी सोंगं घेऊन गाडीगाडीशी गोळ्या मागत फिरायचं. खर्च जवळपास पाहुण्यांचाच, पण गोळ्या वाटायला आईबापांना दाराबाहेर खुर्ची टाकून बसावंच लागतं. शेजारची ओळख होते ती तिथे. पाहुण्याची घडीची खुर्ची गाडीबाहेर आली, की चालकाचं निम्मं काम झालं.

आता ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते तिसरे पाहुणे. अमेरिकेच्या उत्तरेकडचे आणि कॅनडातले निवृत्त लोक थंडी चुकवायला दक्षिणेत उतरतात आणि महिनोन्‌महिने एकाच पार्कात राहतात. टेक्सासच्या रिओ ग्रांडे खोऱ्यात त्यांना ‘विंटर टेक्सन्स’ म्हणतात. तिथल्या मोठ्या पार्कांतल्या सभागृहाचं आठवड्याचं वेळापत्रक आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगपेक्षा भरगच्च असतं. गोधड्या शिवणाऱ्यांचा गट, लाकूडकाम, स्क्वेअर डान्स, पत्ते, शफलबोर्ड, ज्याला जे वाद्य येतं ते घेऊन बसायची मैफल, आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची अंगतपंगत. पिकलबॉल हा १९६५मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जन्मलेला खेळ पुढे देशभर पसरला, त्यात अशा निवृत्तांच्या वसाहतींचा मोठा वाटा आहे. (त्याच्या टकटक आवाजावरून आता शेजाऱ्यांत भांडणं लागतात. मैदान आखाल तेव्हा गाड्यांपासून लांब आखा.)

हे वेळापत्रक चालतं कशावर? त्यातले बरेच वर्ग पाहुणेच घेतात. ज्याने आयुष्यभर सुतारकाम केलं, तो लाकूडकाम शिकवतो. निवृत्त शिक्षिका गाण्याचा गट बसवते. माणूस नोकरीतून निवृत्त झाला की पगाराबरोबर त्याचा उपयोगही थांबतो, आणि पैशापेक्षा ते जास्त बोचतं. ज्या पार्कने त्याला पुन्हा उपयोगी केलं, तिथली जागा तो जाण्याआधीच पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो. शहाणा चालक सभागृहाची किल्ली देतो, फळ्यावर वेळ लिहितो आणि बाजूला होतो.

आपल्याला पटत नसेल तर अ‍ॅरिझोनातलं क्वार्ट्झसाइट पाहा. वाळवंटातली सरकारी जमीन, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्कामाची परवानगी, पण जागेजागेला विजेची जोडणी नाही. सोयींच्या तक्त्यात नापास. तरी हिवाळ्यात तिथे गाड्यांचं गाव वसतं. दगड-रत्नं गोळा करणारे एकीकडे, एकटे फिरणारे दुसरीकडे, असे लोक आपापली कोंडाळी करून राहतात. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला ‘एस्केपीज’ या प्रवाशांच्या क्लबने तर एक पाऊल पुढे टाकलं. वय झालं, आजारपण आलं, गाडी चालवणं थांबलं, तरी माणसाला स्वतःच्या गाडीतच राहता यावं आणि जेवणखाण, देखभाल मिळावी, असं केंद्र तिथे चालतं. पार्कने पाहुण्याला देण्यासारखी याहून मोठी सोय मला माहीत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. तिकडची यादी उचलून इकडे चिकटवणं मला मान्य नाही. पहिली अडचण अंगतपंगतीचीच. तिकडे ती गंमत आहे. आपल्याकडे कुटुंब मुक्कामाला येतं तेव्हा घरातली बाई मुळात चुलीपासून सुटका मागत असते. तिला तुम्ही ‘एक पदार्थ करून आणा’ म्हणालात, तर ती पुन्हा येणार नाही. वांगी भाजायची, भरीत करायची पैज लावा आणि ती फक्त पुरुषांसाठी ठेवा. हुरड्याच्या दिवसांत आगटीजवळ कणसं चोळायला पाहुण्यांना बसवा. तयार हुरडा द्रोणात भरून हातात देण्यात सेवा असेल, पण त्यात दोन अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. तिकडे मालकच गाडी चालवतो. आपल्याकडे भाड्याची कॅरव्हॅन बहुधा ड्रायव्हरसह येते. कुटुंब शेकोटीभोवती अंताक्षरी खेळतं, तेव्हा तो कुठे असतो? पुढच्या सीटवर, मोबाइलच्या उजेडात. त्याला खाट, अंघोळीची जागा आणि पंगतीत पान नसेल, तर आपण पाहुणचाराच्या गप्पा मारू नयेत. तो रात्रभर अवघडून झोपला, तर सकाळी घाटात त्याच्याच हातात आपले पाहुणे असतात.

आणि डीजे. माझ्या या वाक्याने काहींचा राग ओढवून घेते, पण रेन डान्स आणि डीजे हे पाहुण्यांना एकमेकांशी बोलू न देण्याचे खात्रीशीर उपाय आहेत. तिकडच्या पार्कांत साधारणपणे रात्री दहानंतर शांतता पाळतात, आणि न पाळणाऱ्याला व्यवस्थापक येऊन समज देतो. हा नियमसुद्धा सोयच आहे. तशीच एक सोय म्हणजे न येण्याची मोकळीक. कोणी दार लावून पुस्तक वाचत बसला, तर त्याला ओढून आणू नका.

फार पैसे न लागणाऱ्या काही जागा असतात, तिथे ओळखी आपोआप होतात. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारचा बाक, त्यावर ‘एक ठेवा, एक न्या’ अशा पुस्तकांचा कप्पा. कुत्र्यांना मोकळं सोडायचं कुंपण, जिथे लोकांना मालकांच्या आधी कुत्र्यांची नावं पाठ होतात. कॅरमचा बोर्ड, पण खोलीत नव्हे, येण्याजाण्याच्या वाटेवर.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. तलावासाठी कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक छप्पर घाला, त्याखाली लांब टेबल मांडा, एक मोठी चूल आणि एक फळा ठेवा. संध्याकाळी पाच ते दहा तिथे हजर राहील अशी गावातलीच एक व्यक्ती नेमा, आणि तिला पगार द्या. तिकडे पाहुण्यांपैकीच कोणी फुकट जागेच्या बदल्यात हे काम करतो; आपल्याकडे बचत गटातल्या एखाद्या ताईंना ते नक्की साधेल. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक चालकाने आपल्याकडे पाहुण्यांनी स्वतःहून सुरू केलेल्या एका तरी उपक्रमाची माहिती लिहून आणावी. ती सगळी एकत्र छापण्याची जबाबदारी मी घेते.