आतलं कमिट आणि रिकामं ड्रॉइंग

आज ऑटोकॅडच्या डॉट नेट एपीआयमधली एक भानगड.

खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्याचं प्लगइन. ते ड्रॉइंगमध्ये खिडक्यांचे ब्लॉक टाकतं आणि सोबत कापणीची यादी सीएसव्ही फाईलमध्ये लिहितं. कमांड लाइनवर ‘४० खिडक्या बसवल्या’ असा संदेश आला. यादी वर्कशॉपला गेली, ॲल्युमिनियमचे सेक्शन कापलेसुद्धा. आणि ड्रॉइंगमध्ये? एकही खिडकी नाही. एररही नाही.

आता बघा, प्रत्येक खिडकी टाकणारं फंक्शन स्वतःचं ट्रान्झॅक्शन सुरू करत होतं आणि नीट कमिटही करत होतं. ब्रेकपॉइंट लावून मोजलं तर खिडक्या भरतात! पण त्याला बोलावणाऱ्या कमांडचंही एक ट्रान्झॅक्शन आधीच उघडं होतं. अशा वेळी आतलं कमिट म्हणजे धाकट्याने लग्नाला हो म्हणणं. थोरल्याची सही बाकीच असते. सगळ्यात बाहेरचं कमिट झाल्याशिवाय डेटाबेसमध्ये काहीच पक्कं होत नाही.

इथे लूपनंतर टायटल ब्लॉक शोधणारी एक ओळ होती. सापडला नाही, की सरळ रिटर्न. सी शार्पमधला युझिंग ब्लॉक संपला, डिस्पोज झालं; आणि कमिट न करता डिस्पोज म्हणजे अबॉर्ट. तोही अगदी गुपचूप. म्हणून आतल्या फंक्शनमध्ये दोन दिवस डोकं फोडूनही हाती काही लागत नाही.

शोधायचं कसं? ट्रान्झॅक्शन मॅनेजरची ‘नंबरऑफॲक्टिव्हट्रान्झॅक्शन्स’ ही प्रॉपर्टी प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी छापा. सुरुवातीलाच १ दिसला, तर वर कोणीतरी बसलंय. मग त्याच्या कमिटच्या आधी येणारा एकेक रिटर्न तपासा. कमांड संपल्यावरही आकडा शून्यावर येत नसेल, तर कुठेतरी डिस्पोज राहिलंय. तो वेगळा आजार.

माझं मत विचाराल तर छोट्या फंक्शनने स्वतःचं ट्रान्झॅक्शन उघडूच नये, बाहेरचंच पॅरामीटर म्हणून घ्यावं. फक्त एखादी पायरी तेवढी मागे घ्यायची असेल, तर नेस्टिंग ठीक.

आणि हो, ती सीएसव्ही. ड्रॉइंग मागे फिरतं, फाईल फिरत नाही, कमांड लाइनवरचा संदेशही नाही. त्यामुळे या प्लगइनमध्ये ते दोन्ही बाहेरच्या कमिटच्या खाली हलवले. टायटल ब्लॉकची तपासणी लूपच्या वर नेली. आता तो सापडला नाही, तर एकही खिडकी बसत नाही आणि यादीही निघत नाही.